राखायचं काय, हे आधी ठरवू या



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या अण्णांनी उभी हयात सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात घालवली. पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांची दप्तरं त्यांनी पानापानाने वाचली. म्हणूनच या व्यासपीठावर नेटवर्कच्या सुरक्षेविषयी बोलताना मला परकं वाटत नाही. संस्थेत खरं मोलाचं काय आहे, ते कुणाच्या हाती आहे आणि त्या हातावर कुणाची नजर आहे, हे लेखापरीक्षकाचे रोजचे प्रश्न. तेच प्रश्न आज संगणकाच्या जाळ्याला विचारायचे आहेत.

'झिरो ट्रस्ट' हे नाव आता बँकांच्या टेंडरांत, सरकारी परिपत्रकांत आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत सर्रास दिसतं. फॉरेस्टर या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जॉन किंडरवाग यांनी 2010 साली हा विचार मांडला. तोवरची रीत अशी, की नेटवर्कभोवती फायरवॉलचं कुंपण घालायचं. बाहेरचा तो परका, आतला तो आपला. लग्नाच्या मांडवात एकदा पाऊल पडलं की कुणी कुणाला हटकत नाही. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा असेल, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा असेल, आणि दागिन्यांच्या खोलीपर्यंत कुणीही जाऊन येतं. नेटवर्कचं नेमकं हेच झालं होतं. किंडरवाग यांनी सांगितलं, की केवळ आत आहे म्हणून कुणावरही विश्वास टाकू नका. कोण मागतंय, कुठल्या यंत्रावरून, कशासाठी, हे प्रत्येक वेळी तपासा आणि लागेल तेवढीच वाट मोकळी करा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट 2020 मध्ये 800-207 क्रमांकाचा दस्तऐवज काढून या विचाराला व्यवस्थित रूप दिलं.

त्या दस्तऐवजातली एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत कसं जायचं, याचा क्रम त्यात दिला आहे. आधी माणसं कोण ते ओळखा. मग मालमत्ता कोणती ते ओळखा. मग कळीची कामं कोणती आणि त्यांत धोका किती ते ठरवा. मग नियम लिहा. यंत्रं आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, हा विचार त्यानंतरचा. म्हणजे खरेदीचा नंबर पाचवा. आपल्याकडे तो पहिला लागतो. टेंडर निघतं, पेट्या येतात, रॅकवर दिवे लुकलुकायला लागतात, आणि मग कुणीतरी विचारतं, की आता यामागे ठेवायचं काय? हे मला मनापासून खटकतं, कारण यात जाणारा पैसा बहुतेक वेळा सभासदांचा असतो.

किंडरवाग यांनीही हाच आग्रह धरला. हल्ला कुठून होईल याचा हिशोब मांडायला बसलात तर तो कधीच संपत नाही. रोज नवा मोबाइल, नवी शाखा, नवं अॅप जोडलं जातं. राखायचं ते मात्र थोडं असतं आणि नीट शोधलं तर सापडतं. त्याला ते 'प्रोटेक्ट सरफेस' म्हणतात आणि त्यात चार प्रकारच्या गोष्टी धरतात: माहिती, अॅप्लिकेशनं, यंत्रं आणि ज्यांच्या आधाराने बाकी सगळं चालतं त्या सेवा. सांगायला हे सोपं आहे. पण ते थोडं नेमकं कोणतं, इथेच जाणती माणसंसुद्धा चुकतात. कशी, ते पाहू.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत 2018 साली घडलं ते या राज्यातल्या प्रत्येक बँक-संचालकाला तोंडपाठ असायला हवं. 1906 साली स्थापन झालेली ही जुनी, मोठी बँक. 11 ऑगस्टला, शनिवारी दुपारनंतर, तिच्या ग्राहकांच्या कार्डांच्या बनावट प्रती घेऊन माणसं 28 देशांतल्या एटीएमपुढे उभी राहिली आणि काही तासांत सुमारे 78 कोटी रुपये काढून घेतले. भारतातही, कोल्हापुरासारख्या ठिकाणी, रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी निघाले. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटी 42 लाख.

आता हे घडलं कसं, ते जरा जवळून बघा. तुम्ही परगावी दुसऱ्याच बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घालता. ते एटीएम तुम्हाला ओळखत नाही. ते व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेला विचारतं, की हा माणूस दहा हजार मागतोय, देऊ का? ही विचारणा बँकेत एटीएम स्विच नावाच्या सर्व्हरवर येते. स्विच ती पुढे कोअर बँकिंगकडे पाठवतो. तिथे शिल्लक तपासली जाते, रक्कम खात्यातून वजा होते, आणि 'द्या' असा निरोप स्विचमार्फत परत जातो. मग नोटा बाहेर येतात. चोरांनी कोअर बँकिंगला हात लावला नाही. त्यांनी एक तोतया स्विच उभा केला. परदेशातल्या एटीएमची विचारणा आली की खऱ्या कोअर बँकिंगला खबरही न लागू देता हा तोतया परस्पर 'द्या' म्हणून सांगायचा. ग्राहकांच्या खात्यातला एक रुपयाही हलला नाही. पण बँकेच्या नावाने 'द्या' म्हटलं गेलं होतं, आणि जगभरच्या बँकांनी त्या शब्दावर नोटा मोजून दिल्या होत्या. ती भरपाई कॉसमॉसला करावी लागली.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी देशातल्या कुठल्याही बँकेला विचारलं असतं, की तुमची सगळ्यांत महत्त्वाची मालमत्ता कोणती, तर उत्तर आलं असतं कोअर बँकिंगचा सर्व्हर, ग्राहकांचा डेटा. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. पैसे साठवलेत कुठे, एवढंच त्यात पाहिलं जातं. पैसे सोडायचा हुकूम कुठून निघतो, हे सुटून जातं. माझं आज सांगणं एवढंच आहे, की तुमच्या संस्थेच्या नावाने 'हो' कोण म्हणतं आणि त्या 'हो'वर बाहेरचं जग कुठे कृती करतं, ती जागा शोधा. राखायच्या गोष्टींच्या यादीत पहिला मान तिचा. तिची किंमत, आकार, कुठल्या खात्याच्या ताब्यात आहे, हे सगळं नंतर.

2023 साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात 11 जणांना दोषी ठरवलं. तपास करणाऱ्या पोलिसांचं श्रेय मोठं आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2019 च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता. तोतया स्विच रचणारा आपल्या फौजदारी न्यायालयापुढे कधी उभा राहील, ही आशा धरणं अवघड आहे. गुन्हा घडल्यानंतर आपल्या हाती फार थोडं उरतं.

बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेत फेब्रुवारी 2016 मध्ये अशीच घटना घडली. चोरट्यांनी त्या बँकेच्या नावाने न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेला स्विफ्टवरून 35 आदेश पाठवले. एकूण रक्कम सुमारे 95 कोटी डॉलर. त्यांतले 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचून गडप झाले. त्या प्रकरणातला एक प्रिंटर मला फार महत्त्वाचा वाटतो. स्विफ्टचा प्रत्येक व्यवहार आपोआप कागदावर छापणारा तो प्रिंटर चोरांनी बंद पाडला होता. कर्मचाऱ्यांना वाटलं, नेहमीसारखं यंत्र बिघडलं. त्यात शुक्रवार, म्हणजे तिकडचा सुट्टीचा दिवस. प्रिंटर चालू असता तर गोष्ट कितीतरी आधी उघडकीला आली असती. मालमत्तेच्या नोंदवहीत अशा प्रिंटरची किंमत काही हजारांची असते, पण कामाच्या हिशोबाने तो साक्षीदार असतो. 'हो' म्हणणारी जागा राखायची, तसा त्या 'हो'ची नोंद ठेवणारा साक्षीदारही राखायचा, आणि दोघांच्या किल्ल्या एकाच हातात द्यायच्या नाहीत. लेखापरीक्षणात हे तत्त्व फार जुनं आहे.

आता आपल्या मातीतली गोष्ट सांगतो. एका साखर कारखान्यात हंगाम सुरू होण्याआधी मला बोलावलं होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण तिथे दिसलं ते इतरत्रही असणार. संगणक विभागाने मालमत्तेची यादी समोर ठेवली. सर्व्हर, स्विच, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बायोमेट्रिक हजेरी, वेबसाइट. प्रत्येकापुढे खरेदीची तारीख आणि किंमत. यादी नेटकी होती, पण ती डेडस्टॉक रजिस्टरची नक्कल होती. कोणती वस्तू गेली तर कारखान्याचं काय होईल, याचा त्यात मागमूस नव्हता.

मग आम्ही शेती खात्यात जाऊन बसलो. तिथल्या एका जुन्या लिपिकांना मी विचारलं, की संगणकाशी संबंधित कुठली गोष्ट बंद पडली तर गव्हाणीत ऊस पडणार नाही? ते लगेच म्हणाले, "काटा, साहेब. काटा थांबला की दोन तासांत गाड्यांची रांग हमरस्त्यावर." मी विचारलं, आणि काटा चुकला तर? ते जरा थांबले. म्हणाले, "थांबला तर ओरडतील. चुकला तर कारखान्यावर विश्वास राहणार नाही."

या लिपिकांच्या उत्तरात दोन वेगळ्या कसोट्या आहेत. एखादी गोष्ट बंद पडली तर काय, ही एक. ती चालू राहिली, पण खोटं बोलायला लागली तर काय, ही दुसरी. बहुतेक संस्था पहिलीवर थांबतात. कॉसमॉसचं नुकसान दुसरीमुळे झालं.

आम्ही काटाघरात गेलो. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, वजन दिसतं, गाडी गव्हाणीवर रिकामी होऊन परत येते, रिकामं वजन होतं, आणि दोहोंतल्या फरकाची काटापावती शेतकऱ्याच्या हाती पडते. काट्याच्या इंडिकेटरमधून एक सिरियल केबल शेजारच्या संगणकात जाते. त्या संगणकातून आकडा मुख्य सर्व्हरवर जातो. त्याच आकड्यावर शेतकऱ्याचं ऊसबिल निघतं, तोडणीचं बिल निघतं आणि वाहतुकीचंही. एका आकड्यातून तिघांचे पैसे. काटामारीच्या तक्रारींवरून या राज्यात केवढी आंदोलनं झाली, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. वैधमापनशास्त्र खातं काट्याची पडताळणी करून शिक्का मारतं. पण तो शिक्का काट्यावर असतो. केबलच्या पलीकडे, संगणकात, आकड्याचं पुढे काय होतं, ते तो शिक्का सांगू शकत नाही.

आणि तो संगणक संगणक विभागाच्या यादीत नव्हताच! काट्याच्या यंत्राबरोबरच तो आला होता, म्हणून त्याची कागदपत्रं दुसऱ्याच खात्याच्या फायलीत. दुरुस्तीसाठी पुरवठादाराने त्यात दुरून शिरायची सोय करून ठेवली होती आणि ती बारा महिने उघडी होती. पासवर्ड एकच, सगळ्या पाळ्यांना ठाऊक. यात कुणाचा वाईट हेतू मला दिसला नाही. रात्री दोन वाजता काटा अडला तर गाड्या सोडायच्या कशा, या काळजीने माणसांनी काढलेली ती वाट होती. पण हे यंत्र कारखान्याच्या वतीने हजारो शेतकऱ्यांना त्यांचं टनेज सांगत होतं, आणि ते राखायचं आहे हे कुणी ठरवलंच नव्हतं.

एकदा ते ओळखल्यावर बाकीचे निर्णय आपोआप सुचत गेले. झिरो ट्रस्टची खरी कमाई मला इथे दिसते. या संगणकाने कुणाशी बोलायचं? फक्त वजन घेणाऱ्या एका सर्व्हरशी. काय पाठवायचं? वजनाची नोंद, दुसरं काही नाही. इंटरनेट कशाला? नको. पुरवठादाराला आत यायचं असेल तर मागितल्यावर, पाळीप्रमुखाने परवानगी दिल्यावर, ठरलेल्या वेळेपुरतं. केलेलं वजन दुरुस्त करायचं तर दोघांच्या लॉगिनने, आणि दुरुस्तीची नोंद काटाघराच्या हाताबाहेरच्या यंत्रावर. यासाठी कोट्यवधींची पेटी लागली नाही. यादी बरोबर झाली, म्हणून नियम नेमके झाले.

आणखी एक प्रकारची मालमत्ता आहे. ती नजरेला पडतच नाही, कारण ती सगळीकडे असते. मर्स्क ही जहाजवाहतुकीतली बलाढ्य कंपनी. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रोग्रामने तिला गाठलं. तो पसरला होता युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरमधून. मर्स्क समूहाकडे चालवायला असलेलं आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल त्यात अडकलं. न्हावाशेव्याला कंटेनरची कामं हाताने करायची पाळी आली. कंपनीला जगभरात 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेलं.

सर्व्हरांचे बॅकअप बऱ्याच ठिकाणी होते. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा. कोण कर्मचारी, त्याला कुठे जायची मुभा, कुठलं यंत्र आपलं, हे सांगणारी नोंदवही म्हणजे डोमेन कंट्रोलर. असे सुमारे दीडशे होते आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवत होते. एक बुडाला तर दुसरा आहेच, असा हिशोब. सगळे एकदम बुडतील, हे कुणाच्या मनात आलं नाही. शेवटी घानातल्या कार्यालयात एक शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्याची हार्ड डिस्क माणसाच्या हाती विमानाने, नायजेरियामार्गे, इंग्लंडला नेली तेव्हा कुठे पुढचं काम सुरू झालं.

झिरो ट्रस्टमध्ये तर या नोंदवहीचं महत्त्व अनेक पटींनी वाढतं. प्रत्येक विनंतीला 'तू कोण?' असं विचारायचं, तर उत्तर तपासणारी व्यवस्था सतत उभी हवी आणि खरी हवी. ओळख पटवणारा सर्व्हर, परवानगीचे नियम ठरवणारं यंत्र, अॅडमिनची खाती, बॅकअप आणि बॅकअपच्या किल्ल्या, ही सगळी राखणदारी करणारी मंडळी आहेत, म्हणून ती राखायच्या यादीत घालायची राहून जातात. ती घाला. बाकीचं ज्याच्याविना परत उभं करता येत नाही, ते कळीचं.

सगळंच महत्त्वाचं आहे, असं म्हणणारी संस्था मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकते. प्रत्येक खातेप्रमुखाला आपली यंत्रणा यादीत हवी असते. त्यात मान असतो आणि पुढे बजेटही असतं. पण दोनशे गोष्टी अतिमहत्त्वाच्या ठरल्या की रात्रपाळीच्या एकट्या इंजिनिअरने कुठल्या इशाऱ्याकडे आधी धावायचं? यादी इतकी छोटी हवी, की अध्यक्षांना ती कागद न बघता सांगता यावी. दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 ला खंडणीखोर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरचा सुमारे 1.3 टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत सगळं कित्येक दिवस कागदावर चाललं. सरकारने संसदेत कारण सांगितलं, ते नेटवर्कच्या सदोष विभागणीचं. विभागणी करायची म्हणजे काहीतरी वेगळं काढून आत ठेवायचं. काय वेगळं काढायचं हे न ठरवता भिंती घातल्या तर त्या चुकीच्या जागी पडतात.

कायद्याची चौकट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 70 खाली सरकार एखाद्या यंत्रणेला 'संरक्षित' घोषित करू शकतं. 2022 साली काही मोठ्या खासगी बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्या यंत्रणा तशा घोषित झाल्या. रिझर्व्ह बँकेने कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, 19 ऑक्टोबर 2018 ला, नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली आणि पुढच्या वर्षाअखेर बँकांचे चार स्तर करून ती वाढवली. सायबर घटनांची दखल घेणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आपलं महत्त्वाचं काय तेच ठाऊक नसेल, तर काय बिघडलं हे सहा तासांत कुणाला कळणार? आणि दिल्लीतून कुणी येऊन तालुक्याच्या दूध संघाचा फॅट मोजणाऱ्या यंत्राचा संगणक 'संरक्षित' घोषित करणार नाही. त्यावर दर ठरतो, बायाबापड्यांचा पगार होतो. तो राखायचा की नाही, हे संघालाच ठरवावं लागेल.

ठरवणार कोण, यावर माझं मत ठाम आहे. संगणक विभागाने यादीचा कच्चा खर्डा करावा, पण पक्की यादी त्याने एकट्याने करू नये. यंत्र कुठे आहे ते तो विभाग सांगेल. ते खोटं बोललं तर कोण बुडेल, हे काउंटरवरचा, काट्यावरचा, वॉर्डातला माणूस सांगेल. त्या माणसांबरोबर बसून एक व्यवहार घ्यावा, एक ऊसबिल, एक आरटीजीएस, रक्ताची एक बाटली, आणि तो सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कुठल्या कुठल्या यंत्रातून जातो, कुठे कोण 'हो' म्हणतं, हे हाताने कागदावर काढावं. हे काम कंटाळवाणं आहे. ते बाहेरच्या सल्लागाराला देऊन टाकता येत नाही. एका व्यवहाराला अर्धा दिवस सहज जातो, आणि पहिल्याच दिवशी यादीत नसलेलं यंत्र सापडतं, असा माझा अनुभव आहे.

या सभागृहात बरेच संचालक बसलेले आहेत. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवा: हे बंद पडलं तर किती वेळ चालेल, हे खोटं बोललं तर कुणाला आणि कधी कळेल, आणि याच्यापर्यंत आज कोण कोण पोचू शकतं. तिसरा रकाना भरताना पुरवठादारांची आणि सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची नावं विसरू नका. कारखाना असेल तर दर हंगामाआधी, बँक असेल तर नवी सेवा सुरू करण्याआधी, ती पुन्हा तपासा. आणि यादीखाली सही संगणक विभागप्रमुखाची घेऊन थांबू नका. ती अध्यक्षांची असली पाहिजे, कारण 'हो' संस्थेच्या नावाने म्हटलं जातं.